देवाचा पक्षप्रवेश कसा घडवून आणावा

अमेरिकेत निवडणूक लढवायची म्हणता? लढवा, बिनधास्त लढवा. फक्त विम्याचे हप्ते, दवाखान्याची बिलं, घरभाडं असल्या भानगडीत पडू नका. त्यात आकडे लागतात, आणि आकडे दिले की दोन वर्षांनी लोक त्याच आकड्यांचा हिशेब मागतात. त्यापेक्षा देवाला पक्षात घ्या. एवढा सोयीचा पक्षप्रवेश दुसरा नाही. देव तिकीट मागत नाही, मंत्रिपद मागत नाही, रुसून दुसऱ्या गटात जात नाही. तुम्ही त्याच्या नावावर काहीही खपवलंत तरी ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला’ म्हणायला पत्रकार परिषदही घेत नाही.

मतदारसंघाची काळजी नको. आखणीमुळे म्हणा किंवा एका मताची माणसं एकाच भागात राहायला गेल्यामुळे म्हणा, बहुतेक जागांवर नोव्हेंबरात कोण निवडून येणार हे आधीच ठरलेलं असतं. खरी मारामारी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आतल्या निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत. तिथे मत द्यायला मोजकी माणसं येतात, पण कडक. रस्त्यावरचा खड्डा दाखवून ती घराबाहेर पडत नाहीत. ‘ते लोक तुमचा ख्रिस्त काढून घ्यायला निघालेत’ म्हणा, रांगा लागतील.

थोडी अडचण इतिहासाची येईल. १७८७ साली लिहिलेल्या संविधानात देवाच्या नावाने राज्य चालवायचं कुठेच म्हटलेलं नाही. उलट सरकारी पदासाठी कुणाचाही धर्म तपासायचा नाही, असं कलम आहे. १७९१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, धर्मस्थापनेचा कायदा करायलाच बंदी घातली. १७९७ साली त्रिपोलीशी झालेल्या तहात तर ‘अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही’ असं सरळ लिहून टाकलंय, आणि सिनेटने तो तह एकही विरोधी मत न पडता मंजूर केला. संस्थापकांपैकीच एक असलेला थॉमस जेफरसन म्हातारपणी वस्तरा घेऊन बसला आणि बायबलच्या नव्या करारातले चमत्कार कापून उरलेला ख्रिस्त वहीत चिकटवत राहिला. यातलं काही मनाला लावून घेऊ नका. छातीवर हात ठेवून ‘आपले संस्थापक’ एवढंच म्हणा आणि आवाज थोडा कापरा करा.

कुणी चर्च आणि सरकार यांच्यातल्या भिंतीची आठवण करून दिली, तर कोलोरॅडोच्या रिपब्लिकन खासदार लॉरेन बोबर्ट यांचं २०२२ सालचं उत्तर तयार आहे: ते संविधानात नाहीच, एका घाणेरड्या पत्रात आहे. अगदी बरोबर, पत्रातच आहे. फक्त ते पत्र कुणाला गेलं होतं, याची चर्चा वाढू देऊ नका. १८०२ साली जेफरसनने ते लिहिलं कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्ट पंथाच्या ख्रिश्चनांना. त्या राज्याचं अधिकृत चर्च दुसऱ्यांचं होतं, आणि आपलं धर्मस्वातंत्र्य म्हणजे हक्क नसून वरून मिळालेली मेहेरबानी आहे, अशी या बिचाऱ्यांची तक्रार होती. म्हणजे भिंत मागणाऱ्यांच्या बाजूला बाप्टिस्टच उभे होते. आज ती पाडायला निघालेल्या तुमच्या सभेत पहिल्या तीन रांगा त्यांच्याच पंथाच्या असतील. कशाला उगाच घरात भांडण लावायचं?

परंपरा हवी असेल तर ती फार जुनी लागत नाही. शाळेत पोरं छातीवर हात ठेवून म्हणतात ती निष्ठेची प्रतिज्ञा १८९२ साली फ्रान्सिस बेलामी या बाप्टिस्ट पाद्र्याने लिहिली, आणि हा पाद्री चक्क समाजवादी होता. त्याच्या प्रतिज्ञेत देव नव्हता. तो १९५४ साली घातला, रशियातल्या नास्तिक कम्युनिस्टांना दाखवायला. ‘देवावर आमचा विश्वास’ हे राष्ट्राचं ब्रीदवाक्य झालं १९५६ साली. तुमच्या सभेला आलेले कित्येक आजोबा या सनातन परंपरेपेक्षा वयाने मोठे असतात.

आता मुद्दा निवडा. गर्भपात हा आज हुकमी पत्ता वाटतो, पण १९७१ साली दक्षिणेतल्या बाप्टिस्टांच्या महासभेने काही परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी, असा ठरावच केला होता. दक्षिणेतल्या पाद्र्यांचं पित्त खवळलं ते दुसऱ्या कारणाने, असं काही इतिहासकार सांगतात. काळ्या मुलांना दूर ठेवणाऱ्या ख्रिस्ती शाळाकॉलेजांची करसवलत सरकारने काढायला घेतली. १९७६ साली बॉब जोन्स विद्यापीठाची गेली. पण ‘आमची करसवलत वाचवा’ या घोषणेवर कोण रडणार? न जन्मलेल्या बाळासाठी रडतात. १९७९ साली जेरी फॉलवेल या पाद्र्याने ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना काढली, आणि पुढच्याच वर्षी नीतिमान ख्रिस्ती मतदारांपुढे दोन उमेदवार उभे राहिले. एक जिमी कार्टर, रविवारी बायबलचा वर्ग घेणारा, एका बायकोचा. दुसरे रोनाल्ड रेगन, हॉलिवूडचे नट, घटस्फोटित. पसंती कुणाला मिळाली हे तुम्हाला ठाऊक आहे.

यातून घ्यायचा धडा असा की उमेदवाराने भाविक असण्याची अट नाही. नसलेलाच बरा, भाविक माणूस ऐनवेळी एखादं वचन आठवून घोटाळा करतो. १ जून २०२० रोजी वॉशिंग्टनमध्ये निदर्शकांना हुसकावून ट्रम्प चर्चसमोर बायबल उंचावून उभे राहिले. पत्रकाराने विचारलं, हे तुमचंच बायबल का? म्हणाले, ‘बायबल आहे.’ एवढं पुरतं. आणि मतदार? खाजगी आयुष्यात अनीतीने वागणारा माणूस सार्वजनिक जबाबदारी नीट पार पाडू शकतो का, असं २०११ साली विचारलं तेव्हा गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या, ख्रिश्चनांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले होते. २०१६ साली, ट्रम्प उमेदवार असताना, ७२ टक्के. पाच वर्षांत एवढं हृदयपरिवर्तन संतांनाही जमलेलं नाही.

निवडून आलात की शाळेकडे वळा. लुईझियानाने २०२४ साली कायदा केला: प्रत्येक सरकारी वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचा फलक, निदान ११ बाय १४ इंच, अक्षर ठळक. दुसऱ्या वर्षी टेक्सासने १६ बाय २० इंच केला. टेक्सासच ते, त्यांचं सगळंच मोठं. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ज्यू या आज्ञांना वेगवेगळे क्रमांक देतात, तेव्हा भिंतीवर कुणाच्या लावायच्या, असा फाजील प्रश्न कुणीतरी काढेल. १८४४ साली फिलाडेल्फियात शाळेत कुणाचं बायबल वाचायचं यावरून ख्रिश्चनांनी ख्रिश्चनांची चर्चं जाळली, निदान वीस माणसं मेली. पण तो अभ्यासक्रमाबाहेरचा भाग. खटल्याला भिऊ नका. केंटकीचा असाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली रद्द केला होता, तरी लुईझियानाचे गव्हर्नर म्हणाले, माझ्यावर खटला कधी भरतात याची वाटच पाहतोय. जिंकलात तर फलक तुमचा, हरलात तर ‘बघा, ख्रिश्चनांचा छळ’ हा फलक त्याहून मोठा.

ओक्लाहोमाचं उदाहरण मात्र सावकाश वाचा. शिक्षण खात्याने २०२४ साली शाळांसाठी ५५,००० बायबलं घ्यायचं ठरवलं. अटी: किंग जेम्स भाषांतर, चामडी किंवा चामड्यासारखं वेष्टन, आणि त्याच पुस्तकात संविधान, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, निष्ठेची प्रतिज्ञा वगैरे. असं बायबल विकणारे बाजारात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, आणि त्यातलं एक ट्रम्प यांनी पुरस्कृत केलेलं, किंमत ५९ डॉलर ९९ सेंट. टेंडरच्या अटी कुणाच्या मापाने बेतल्यात हे ओळखायला मराठी वाचकाला शिकवणी लागत नाही. बोंब झाल्यावर अटी सैल केल्या. हे देशभक्त बायबल चीनमध्ये छापून येतं आणि तिथे एका प्रतीला तीन डॉलरसुद्धा पडत नाहीत, ही बातमीही पुढे आली. एकाच वेष्टनात दहा आज्ञा आणि सरकारने धर्मात पडू नये असं सांगणारी पहिली घटनादुरुस्ती, म्हणजे पुस्तक स्वतःशीच भांडतंय. पण असली पुस्तकं वाचायला कोण घेतं?

आता तुम्हाला वाटेल, अशाने चर्चमध्ये गर्दी वाढेल. कमी होईल. कुठल्यातरी प्रार्थनास्थळाचे सभासद असलेले अमेरिकन १९९९ साली ७० टक्के होते, २०२० साली ४७. स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे २००७ साली ७८ टक्के होते, आता ६२ च्या आसपास. अभ्यासक सांगतात, सोडून गेलेल्यांमध्ये पुष्कळसे मवाळ आणि उदारमतवादी. पाद्री पक्षाचा प्रवक्ता झाला म्हणून उठून गेलेले. त्यांच्यासाठी अश्रू ढाळू नका. ते गेले की मागे राहतात ते अधिकच एकरंगी होतात, आणि ते एकरंगी झाले की कुंपणावरचे उरलेसुरलेही जातात. शिवाय रविवारी चर्चची पायरी न चढणारे कित्येकजण आता स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवतात, कारण तो शब्द पंथापेक्षा पक्षाचा झालाय. ख्रिस्ती राष्ट्राची कल्पना कमीअधिक पटणारे देशात साधारण दहातले तीन. रिपब्लिकनांमध्ये निम्म्याहून जास्त, डेमोक्रॅटांमध्ये सहातला जेमतेम एक. चर्च रिकामं, पक्ष गच्च. तुम्हाला हवं तेच ना?

घराघरांत काय होतं तेही पाहा. १९६० साली मुलीने दुसऱ्या पक्षाचा नवरा केला तर वाईट वाटेल, असं म्हणणारे अमेरिकन आईबाप शंभरात चार-पाच होते. २०१० साली रिपब्लिकनांत निम्मे आणि डेमोक्रॅटांत एक तृतीयांश. आपल्याकडे सोयरिकीला जात बघतात, तिकडे मतदार नोंदणी.

विरोधकांनाही कमी लेखू नका, ते मनापासून मदत करतात. ओबामा २००८ साली देणगीदारांसमोर बोलून गेले की गावाकडची कडवट झालेली माणसं बंदूक नाहीतर धर्म कवटाळून बसतात. हिलरी क्लिंटन यांनी २०१६ साली ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना टाकाऊ माणसांच्या टोपलीत टाकलं. दोन वाक्यं, आणि तुमचा प्रचारखर्च निम्म्यावर.

खरी भीती एकाच माणसाची, ती म्हणजे ख्रिस्त. त्याला भाषणात जपून वापरा. इव्हँजेलिकलांचं मोठं नियतकालिक चालवणारे रसेल मूर २०२३ साली सांगत होते की अनेक पाद्र्यांना एकच अनुभव येतोय: डोंगरावरच्या प्रवचनातलं ‘दुसरा गाल पुढे कर’ सांगितलं की प्रवचनानंतर कुणीतरी येऊन विचारतं, ही डाव्यांची भाषा कुठून उचललीत? ही ख्रिस्ताचीच वाक्यं आहेत म्हटलं, तर उत्तर मिळतं, असेल, पण ते आता चालत नाही, दुबळेपणा आहे तो.

क्षमा मात्र पाळली जाते. ६ जानेवारी २०२१ ला क्रूस आणि ‘येशू तारतो’चे फलक मिरवत ट्रम्प समर्थकांचा जमाव संसदेवर चालून गेला, बाहेर फाशीचा सांगाडा उभा केला, आत सिनेटच्या सभागृहात प्रार्थना म्हटली. त्यातल्या सुमारे १,५०० जणांना २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी माफी दिली. दुसऱ्याच दिवशी बिशप मॅरियन बडी यांनी राष्ट्रीय कॅथेड्रलमध्ये समोर बसलेल्या ट्रम्पना विनंती केली, भेदरलेल्या स्थलांतरितांवर दया करा. पण क्षमेचा कोटा आदल्या दिवशीच संपला होता. बाईंनी माफी मागावी असं ट्रम्प यांनी फर्मावलं, आणि एका खासदाराने त्यांचं नाव हद्दपारीच्या यादीत घालायची सूचना केली. बाई जन्मल्या न्यू जर्सीत. हद्दपार करून पाठवायचं कुठे, तिथल्या भारतीयांनी भरलेल्या एडिसनला?

एडिसनवरून आठवलं, आपल्या मंडळींसाठीही दोन शब्द. टेक्सासच्या शुगरलँडमध्ये २०२४ साली ९० फुटी हनुमान उभा राहिला. पुढच्या वर्षी सिनेटच्या तिकिटाला उभ्या असलेल्या एका रिपब्लिकनाने जाहीर विचारलं, खोट्या देवाची ही खोटी मूर्ती आपण का चालवून घेतोय, आपण ख्रिस्ती राष्ट्र आहोत. तेव्हा देणगी द्या, ट्रम्प यांची लाल टोपी डोक्यावर चढवा, पण उमेदवारीचा मोह आवरा. रिपब्लिकनांकडून अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या विवेक रामस्वामी यांना आयोवात एका मतदार बाईंनी विचारलं होतं, तुमचा धर्म आमच्या संस्थापकांचा नाही असं म्हणणाऱ्यांना काय सांगाल? त्यांनी हिंदू धर्म आणि ख्रिस्ती मूल्यं कशी जुळतात हे छान पटवून दिलं. आयोवात चौथे आले, आणि त्याच रात्री माघार घेऊन त्यांनी ट्रम्पना पाठिंबा दिला. पाठिंबा मात्र धर्म न विचारता घेतला गेला.