झुरळ, मी आणि सायक्लिक एएमपी

झुरळाला घाबरणाऱ्या पुरुषाला घरात फारशी किंमत नसते. सापाला घाबरलात तर लोक समजून घेतात, पालीला घाबरलात तर हसून सोडून देतात. झुरळाला घाबरलात की नातेवाइकांना जन्मभर पुरेल एवढा विषय मिळतो. म्हणून मी एक बचाव तयार ठेवला आहे: घाबरतो तो मी नव्हे, माझ्या पेशी. आणि त्यांचा कारभार पाहिला तर त्यांनाही दोष देववत नाही.

प्रसंग नेहमीचाच. रात्री न्हाणीघराचा दिवा लावावा आणि समोरच्या भिंतीवर ते बसलेलं असावं, मिशा हलवत. बसलेल्या झुरळाशी मी एक वेळ जमवून घेईन. पण ते पंख उघडतं आणि नेमकं माझ्याच अंगावर येतं. (खिडकीच्या दिशेनं उडालेलं झुरळ मी अजून पाहिलेलं नाही.) छातीत धडधड, तळहाताला घाम, तोंडाला कोरड. हृदयापर्यंत गेलेल्या नसा आधी बोंब ठोकतात. पाठोपाठ मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनालिन सोडतात.

गंमत अशी की ज्याच्या नावानं एवढा बोभाटा, ते ॲड्रेनालिन पेशीत पाऊलही टाकत नाही. पेशीपटल स्निग्ध, हे पाण्यात विरघळणारं. दोघांचं जमत नाही. कॉर्टिसॉल या ताणाच्याच दुसऱ्या संप्रेरकाला ही अडचण नाही, ते पटलातून सरळ आत घुसतं. ॲड्रेनालिन मात्र बाहेरूनच रिसेप्टरला चिकटतं. हा रिसेप्टर म्हणजे पटलातून सात वेळा आरपार ओवलेलं, बाहेरचा निरोप घेणारं एक प्रथिन. बाहेर ॲड्रेनालिन बसलं की त्याची आतली बाजू जराशी सरकते. बस्स, एवढंच. पण तेवढ्यावर आतलं जी-प्रथिन, म्हणजे निरोप पुढे नेणारं प्रथिन, आपल्याजवळचा जीडीपी नावाचा रेणू टाकून जीटीपी नावाचा उचलतं आणि पटलातल्याच एका एन्झाइमला कामाला लावतं. ते सायक्लिक एएमपी या, पेशीच्या आत निरोप फिरवणाऱ्या पदार्थाचे रेणू भराभर पाडत सुटतं.

हा आतला निरोप्या अर्ल सदरलँड यांनी यकृतावर काम करताना शोधला, त्याबद्दल त्यांना १९७१ चं नोबेल. जी-प्रथिनांसाठी गिलमन आणि रॉडबेल यांना १९९४ साली, या जातीच्या रिसेप्टरांसाठी लेफकोविट्झ आणि कोबिल्का यांना २०१२ साली. माझ्या एका किंकाळीच्या वाटेवर तीन नोबेल पडली आहेत, हे घरी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

शिवाय प्रत्येक पायरीवर कांगावा वाढत जातो. एक रिसेप्टर अनेक जी-प्रथिनांना उठवतो, एकेक एन्झाइम सायक्लिक एएमपीचा ढीग घालतं, त्यातून पुढची एन्झाइमं जागी होतात आणि शेवटी यकृत साठवलेलं ग्लायकोजेन फोडून रक्तात साखर ओततं. पळण्याची जय्यत तयारी. पळायला जागा दोन पावलं.

मला खटकतं ते वेगळंच. या सगळ्या निरोपात ‘झुरळ’ कुठेच नाही! समोर वाघ असता तरी रेणू हाच. अर्थ लावायचा तो ज्या-त्या पेशीनं, आपल्याकडच्या रिसेप्टरप्रमाणे. हृदयाची पेशी जोरात आकसते, श्वासनलिकांचे स्नायू सैल पडतात, आतडी काम टाकून बसतात, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळून मी पांढराफटक. पण आहे काय समोर, असं एकीनंही विचारू नये?

झुरळाची तऱ्हा फार निराळी नाही. त्याच्याकडे ॲड्रेनालिनच्या जागी ऑक्टोपामिन असतं, आणि त्याचे रिसेप्टरही जी-प्रथिनवालेच. म्हणजे न्हाणीघरात त्या वेळी एकाच पद्धतीनं बिथरलेले दोन जीव असतात. किंचाळतो त्यातला एकच.

आवराआवरीची सोय चोख आहे. रक्तातलं ॲड्रेनालिन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं, जी-प्रथिन आपलं जीटीपी आपणच तोडून गप्प होतं, सायक्लिक एएमपीला निकामी करणारं एन्झाइम तर आधीपासून हजर. तरी माझी धडधड थांबत नाही, कारण झुरळ गेलं कुठे ते दिसलेलं नसतं आणि मेंदू नव्यानं बोंब मारत राहतो.

तोच तो निरोप सारखा आला की पेशीही विटते. रिसेप्टरच्या आतल्या टोकाला फॉस्फेट लागतात, त्यावर अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन चिकटतं, जी-प्रथिनाची वाट बंद होते. काही रिसेप्टर तर पेशी सरळ आत ओढून घेते. मग बाहेर ॲड्रेनालिन कितीही असो, आत हूं की चूं नाही. हे मला पाठ करावं लागलं नाही, घरातच पाहायला मिळतं. सुरुवातीला माझ्या किंकाळीला अख्खं घर धावत यायचं. मग एकटी बायको. मग नुसतं तिचं ‘आता काय?’ हल्ली पलीकडच्या खोलीत कुणीतरी कूस बदलल्याचं ऐकू येतं, आणि तेही माझ्यामुळेच, असं छातीठोकपणे सांगता येत नाही.