आंधळा मागतो एक ग्रीन

गोल्फ खेळताना जन्मात एकदाच माझ्या हातून चेंडू जिकडे मारला तिकडेच गेला. उंच गेला, सरळ गेला, दोन टप्पे खाऊन हिरव्यागार ग्रीनच्या, म्हणजे भोक असतं त्या बारीक कातरलेल्या हिरवळीच्या, मधोमध निवांत बसला. मी आनंदानं दोन्ही हात वर केले. तेवढ्यात कॅडी-सानही, म्हणजे खेळाडूंच्या मदतनीस बाई, दोन्ही हात हलवत माझ्याकडे धावत आल्या. आम्ही दोघं एकाच गोष्टीनं हरखलोय असा माझा समज झाला.

‘‘ते ग्रीन आजचं नाही,’’ त्या धापा टाकत म्हणाल्या.

आता ‘आजचं नाही’ हे वर्तमानपत्राबद्दल म्हणता येतं, दुधाबद्दल म्हणता येतं. जमिनीबद्दल मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

मी मूळचा सांगलीचा. आमच्याकडे गोट्यांना गल एकच असायची. कॅरमला भोकं चार, पण सोंगटी चारांपैकी कशातही गेली तरी कुणी ‘हे भोक आजचं नाही’ म्हणत नसे. नोकरीनं तोक्योला आणलं आणि बाकीच्या देशबांधवांसारखाच मीही निशी-कासाईत राहू लागलो. तिथल्या स्टेशनबाहेर मराठी कानावर पडतं, तेव्हा परदेशात आलोय हे फक्त घरभाडं भरतानाच जाणवायचं. पण ऑफिसात ‘कोम्पे’ नावाची एक चीज आहे. कॉम्पिटिशन या शब्दाचं शेपूट कापलं की कोम्पे होतो. वर्षातून दोनदा सगळ्या विभागानं गोल्फ खेळायचं. आमचे विभागप्रमुख, म्हणजे बुचो, यांनी मला विचारलं, ‘‘गोल्फ आवडतं का?’’ जपानीत ‘नाही’ म्हणायचे वीसेक मार्ग आहेत आणि त्यातला एकही मला तोवर येत नव्हता.

तीन आठवडे जाळीच्या पिंजऱ्यात उभं राहून चेंडू बडवले. विटी कोलायची जुनी सवय आडवी येत होती. मग सप्टेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेचारला बुचोंची गाडी दाराशी आली आणि आम्ही तोक्योशेजारच्या चिबाच्या दिशेनं निघालो. बॅग आधीच कुरियरनं मैदानावर पोहोचली होती. अंगावर फक्त मी होतो.

वाटेत बुचोंनी गवताबद्दल सांगायला सुरुवात केली. गोल्फच्या ग्रीनसाठी बेंट नावाचं गवत सगळ्यांत छान, रेशमासारखं. पण ते थंड हवेचं. तोक्योचा जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा त्याला सोसत नाही, ते आजारी पडतं. दुसरं कोराई, नावाप्रमाणे कोरियाकडचं. ते उन्हाळ्यात तगडं राहतं, पण थंडी पडली की झोपी जातं आणि वाळक्या कडब्यासारखं पिवळं पडतं. एकही गवत बारा महिने टिकेना, म्हणून जुन्या लोकांनी तोडगा काढला: प्रत्येक होलला, म्हणजे मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी प्रत्येकाला, दोन ग्रीन. उन्हाळ्यात कोराईवर खेळायचं, थंडीत बेंटवर. एक कामावर असलं की दुसरं रजेवर.

‘‘म्हणजे अठरा होलना छत्तीस ग्रीन?’’ मी विचारलं.

‘‘हो,’’ बुचो अभिमानानं म्हणाले.

आमची आजी उन्हाळा आला की माठ काढायची आणि थंडी आली की गोधडी. ऋतू बदलला म्हणून तिनं दुसरी सांगली वसवली नाही.

हल्ली उष्णता सोसणाऱ्या बेंटच्या जाती निघाल्यामुळे बरीच मैदानं एका ग्रीनवर आली आहेत, काहींनी दोन्हीकडे बेंटच लावलंय. पण बुचोंना जुनं ते सोनं वाटतं. त्यांनी शोधून शोधून असं मैदान निवडलं होतं, जिथं अजून उजवीकडे कोराईचं ‘ए’ ग्रीन आणि डावीकडे बेंटचं ‘बी’ ग्रीन असा संसार नांदतो. गुणपत्रिकेवर प्रत्येक होलची अंतरं दोन-दोन छापलेली. मला एकच अंतर पार होत नव्हतं.

पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा तिथं, मागे बारा सहकारी अदबीनं उभे. मी मारलेला चेंडू उजवीकडच्या झाडीत घुसला आणि बारा जण एका सुरात ‘‘फाऽऽऽ!’’ म्हणजे ‘सांभाळा!’ असे ओरडले. हद्दीबाहेर. पण इथं हद्दीबाहेर चेंडू घालवणाऱ्याला परत मारत बसवत नाहीत, मागचे लोक खोळंबतात. बरंच पुढे एक खास जागा आखलेली असते, तिथं जाऊन थेट चौथा फटका मारायचा. शाळेत गणितात नापास मुलाला वरच्या वर्गात ढकलायचे ना, तेच. त्या दिवशी मी पाच वेळा वर ढकललो गेलो. या देशात गोल्फ खेळणाऱ्याला सरकार कर लावतं, साधारण दिवसाला ८०० येन. मी जेवढी जमीन वापरली त्या मानानं तो स्वस्तच पडला.

छोट्या होलवर एका सहकाऱ्यानं मला गंभीरपणे विचारलं, ‘‘विमा काढलाय का?’’ मला वाटलं, माझ्यापासून इतरांच्या जिवाला धोका आहे म्हणून विचारतोय. पण नाही. एका फटक्यात चेंडू भोकात गेला तर सगळ्यांना मेजवानी, भेटवस्तू, कॅडीला बक्षिसी, कधी मैदानावर झाड लावणं, असा खर्च त्या भाग्यवानालाच करावा लागतो. त्यासाठी इथं चक्क विमा मिळतो. मी त्याला निश्चिंत राहायला सांगितलं.

आणि मग सातवा होल. माझा चेंडू डावीकडे पाइनच्या झाडांत. तिथून वाकून पाहिलं तर फांद्यांच्या फटीतून एक ग्रीन दिसलं. झेंडा दिसेना, पण मी म्हटलं, काढून ठेवला असेल कुणीतरी. सात नंबरची लोखंडी काठी घेतली, कुलदैवताचं नाव घेतलं, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

हा अनुभव मला नवा नव्हता. लहानपणी इचलकरंजीला एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयात दोन हॉल, खाली एक, वर एक. बाबांनी मला पाकीट देऊन पुढे पाठवलं. मी खालच्या हॉलमध्ये आहेर दिला, जिलेबी-मठ्ठा चापला, नवरीच्या मामांनी आग्रह करून आणखी एक जिलेबी वाढली. वरच्या हॉलमध्ये आई-बाबा मला शोधत होते. पण त्या मामांनी ‘तू आजचा पाहुणा नाहीस’ म्हणून मला जिलेबीवरून उठवलं नाही.

इथं मात्र उठावं लागतं. गोल्फच्या नियमांत याला ‘चुकीचं ग्रीन’ असंच नाव आहे. तिथून चेंडू मारायचा नाही, मारलात तर दोन फटक्यांचा दंड. २०१९ पासून तर पायसुद्धा त्या ग्रीनवर टेकवून खेळायचं नाही. झोपलेल्या गवताला त्रास होतो. चेंडू उचलायचा, ग्रीनच्या बाहेर भोकाच्या जवळ न जाता एका काठीच्या अंतरात यायचं आणि गुडघ्याच्या उंचीवरून तो टाकायचा. दंड काही नाही. जन्मातला सर्वोत्तम फटका मी स्वतःच्या हातानं उचलला आणि गुडघ्यात वाकून लांब गवतात सोडला. कॅडी-साननी ग्रीनवर चेंडू आपटून पडलेला खळगा नाजूक हातानं बुजवला. त्या गवताची माफी मागत असाव्यात असं वाटलं.

आजच्या ग्रीनवर पोहोचायला मला आणखी चार फटके लागले. तिथं कोराई. कोराईचा कल असतो, म्हणजे गवत एका दिशेला झुकलेलं. कलाच्या दिशेनं मारलं तर चेंडू सुसाट, उलट मारलं तर मखमलीवर उलटा हात फिरवल्यासारखा अडतो. कॅडी-सान म्हणाल्या, ‘‘उलटा कल, जोरात मारा.’’ मी जोरात मारलं. भोकापलीकडे गेल्यावर कल सुलटा झाला.

नऊ होलनंतर जेवण. जपानात गोल्फ अर्ध्यावर सोडून कात्सु-करी, म्हणजे कटलेट घातलेला करी-भात, खायची पद्धत आहे, हा या खेळातला मला पटलेला एकमेव भाग. बुचो हळहळत होते. कासुमिगासेकीसारख्या नामांकित क्लबनंही तोक्यो ऑलिंपिकच्या तयारीत २०१६ साली पूर्वेकडच्या कोर्सवरची दोन-दोन ग्रीन काढून एकेकच ठेवलं. ‘‘तिथंच तुमच्या अदिती अशोकचं पदक एका फटक्यानं हुकलं,’’ असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तिच्या देशातून हा कसा काय आला, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं.

मी खाली मान घालून सातव्या होलबद्दल माफी मागितली. बुचोंनी बिअरचा घोट घेतला.

‘‘चुकीचं नव्हतं ते,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही फक्त दोन महिने लवकर पोहोचलात.’’

रात्री आईचा फोन आला तेव्हा तिला सगळं सांगितलं. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला, तिथल्या जुन्या गोल्फ मैदानावर, उलटं असतं, हेही सांगितलं. तिथं सात ग्रीन अशी आहेत की एकेकावर दोन-दोन होल नांदतात, आणि त्या जोड्यांची बेरीज दर वेळी अठराच येते: दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा.

‘‘ती एकत्र कुटुंबाची माणसं,’’ आई म्हणाली. ‘‘तुझे साहेब गावाकडे एक घर आणि शहरात एक ब्लॉकवाले. ते जाऊ दे, बक्षीस मिळालं का?’’

हा दुखरा भाग होता. जपानात शेवटून दुसऱ्या आलेल्याला ‘बूबी’ म्हणून बक्षीस देतात. हिशेबविभागातले एक काका पाच किलो तांदूळ घेऊन हसत घरी गेले. त्यांच्या खाली एक जण असल्याशिवाय ते शेवटून दुसरे होऊ शकले नसते. त्या खालच्याला ‘बूबी मेकर’ म्हणतात. त्याला तांदूळ नाही.

सोमवारी ऑफिसात डिसेंबरच्या कोम्पेची यादी लागली. माझं नाव कुणीतरी आधीच लिहून टाकलं होतं, आणि त्यापुढे पेन्सिलीनं बारीक अक्षरात एक ‘बी’ काढला होता.