सीआयसीचा आकडा आणि किडनीची खबर

‘सांधे दुखतात, थकवा जात नाही, अंगावर पुरळ येतं? सीआयसी, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या इम्यून कॉम्प्लेक्सची तपासणी करा. आकडा वाढला तर ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा) आजार, नॉर्मल आला तर निर्धास्त. आकडा उतरवायला गहू-साखर बंद करा.’ हा मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि हे वाचून गप्प बसवत नाही.

आकडा वाढला म्हणजे आजार, हे पहिलं विधानच चुकीचं. अँटिजेनला, म्हणजे शरीराला परक्या वाटणाऱ्या पदार्थाला, अँटिबॉडी (त्याविरुद्ध बनलेलं प्रथिन) चिकटली की इम्यून कॉम्प्लेक्स तयार होतं. साध्या संसर्गातही ती बनतात. तांबड्या पेशी त्यांना यकृत-प्लीहेपर्यंत वाहून नेतात आणि तिथे त्यांचा निचरा होतो. हिवताप, हिपॅटायटिस बी, हृदयाच्या झडपेचा संसर्ग, काही कॅन्सर, सगळ्यांत आकडा चढू शकतो. मग नुसत्या आकड्यावरून ल्यूपस, म्हणजे सांधे, त्वचा, किडनी यांना गाठणारा ऑटोइम्यून आजार, कसा ओळखायचा?

शिवाय आकडा कुठल्या पद्धतीचा? कुणी सी१क्यू (कॉम्प्लेक्सला चिकटणारं रक्तातलं एक प्रथिन) वापरतं, कुणी पीईजी या रसायनाने साका पाडतं, पूर्वी प्रयोगशाळेत वाढवलेल्या ‘राजी’ नावाच्या पेशी वापरायचे. एकच सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग) तिन्हीकडे दिलं तरी निकाल जुळतीलच असं नाही. नमुना गोठला, वाटेत वितळला, पुन्हा गोठला, की निरोगी माणसाच्या आयजीजी या नेहमीच्या अँटिबॉडीच्याही गुठळ्या होतात आणि सी१क्यू त्यांना धरून बसतं. या तपासणीत स्टँडर्ड म्हणून तापवून मुद्दाम गुठळ्या केलेलं आयजीजीच वापरतात. खरं कॉम्प्लेक्स कुठलं आणि अशी गुठळी कुठली, हे तपासणीला वेगळं काढता येत नाही.

‘नॉर्मल तर निर्धास्त’ हे मात्र घातक आहे. मागच्या पावसाळ्यात विशीतली एक मुलगी असाच नॉर्मल रिपोर्ट घेऊन आली. पापण्या सुजलेल्या. तिची लघवी टेस्टट्यूबमध्ये घेऊन वरचा भाग तापवला, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे थेंब टाकले, तर दह्यासारखा पांढरा साका धरला, म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. कॉम्प्लेक्सच्या कामी खर्च होणारी रक्तातली प्रथिनं सी३, सी४ दोन्ही खाली, ल्यूपसमध्ये दिसणारी अँटिबॉडी अँटी-डीएसडीएनए चढलेली. किडनीच्या बायोप्सीत चमकणारा रंग लावून पाहिलं (फ्लुरोसन्स), तर आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटिबॉडी आणि सी३, सी१क्यू, सगळे दाणेदार चमकत होते; ल्यूपस किडनीपर्यंत पोचला होता. इजा करतात ती किडनीच्या गाळणीत अडकून बसलेली कॉम्प्लेक्स. अडकलेली ती रक्ताच्या नमुन्यात येणार कशी?

इम्यून कॉम्प्लेक्समुळे होणारा आजार समजायला आकडा लागतोच असंही नाही. १९०५ साली व्हिएन्नात फॉन पिर्के आणि शिक या डॉक्टरांनी घोड्याचं सीरम टोचलेल्या मुलांमधला असाच आजार, ‘सीरम सिकनेस’, मांडला तो मुलांना पाहून, दिवस मोजून. आपल्याकडचं सर्पदंशावरचं इंजेक्शनही घोड्याच्या रक्तापासूनच बनतं. ते घेतल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी सुरू झाली तर साप चावल्याची तारीख डॉक्टरांना सांगा. निदानाला ती सीआयसीपेक्षा जास्त कामाची.

गव्हा-साखरेचं म्हणाल, तर आकडाच भरवशाचा नाही तिथे तो उतरल्याचं समाधान कशाचं? ल्यूपसचं औषध चालू असेल तर अशा पथ्यापायी ते अजिबात सोडू नका.

सकाळी चेहऱ्यावर सूज, लघवी फेसाळ किंवा चहाच्या रंगाची दिसली, तर त्याच दिवशी लघवी तपासा, बीपी मोजा, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या.