‘टोन खाणारी पेडलं’ : गिटारवाल्यांत फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

सोलापुरात गिटार वाजवणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर सध्या पेडलांबद्दलचा, म्हणजे गिटारला लावायच्या, पायाने चालू-बंद होणाऱ्या, आवाज बदलणाऱ्या पेट्यांबद्दलचा एकच मेसेज फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे : ट्रू बायपास (बंद पेडल सिग्नलच्या वाटेतून पूर्ण काढणारा स्विच) नसलेलं पेडल टोन, म्हणजे आवाजाचा पोत, खातं, बॉस कंपनीची पेडलं शिकाऊंसाठी, ट्यूब स्क्रीमर या पेडलाची सगळी करामत ४५५८ या चिपमध्ये, फझ (आवाज खरखरीत, फाटका करणारं पेडल) घ्यायचा तर जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांचाच, आणि डिजिटल आवाजाला जीव नसतो. हे वाचून पोरं चांगली चालू पेडलं मिळेल त्या भावात विकतात आणि दुप्पट-तिप्पट किमतीची बाहेरून मागवतात. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, दोस्तांची पेडलं उघडून दुरुस्तही करतो. हा खर्च आणि त्यामागची समजूत, दोन्ही मला बघवत नाहीत.

पहिला दावा ट्रू बायपासचा. त्याच्या मुळाशी खरी गोष्ट आहे, ती आधी मान्य करू. जुन्या वाह पेडलांत पेडल बंद असतानाही सर्किटचं तोंड सिग्नलला जोडलेलंच राहायचं. पिकअपवर, म्हणजे तारांची थरथर पकडणाऱ्या गिटारच्या भागावर, भार पडायचा आणि ट्रेबल जायचा. ट्रू बायपासचा स्विच ते सर्किट पूर्ण बाजूला काढतो, आणि अशा पेडलापुरता तो इलाज उत्तम आहे.

बॉसच्या पेडलाची गोष्ट वेगळी. ते बंद असताना सिग्नल बफर नावाच्या छोट्या सर्किटमधून जातो. बफर पिकअपकडून जवळजवळ काहीच ओढत नाही, पण पुढची लांब केबल ताकदीने चालवतो. आता हिशोब बघा. गिटारच्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो; तो जितका जास्त, तितका ट्रेबल कमी. हुतात्मा स्मृती मंदिराच्या स्टेजवर गिटारपासून पेडलांच्या बोर्डापर्यंत ६ मीटर आणि बोर्डापासून अ‍ॅम्पपर्यंत ६ मीटर धरा. पेडलांमधल्या छोट्या केबली वेगळ्या. सगळी पेडलं ट्रू बायपास असली आणि सगळी बंद असली, तर १२०० पिकोफॅरडच्या वर भार एकट्या पिकअपवर येतो. तारेची वरची चमक तिथेच मरते. बोर्डाच्या सुरुवातीला एक चांगला बफर असला की पिकअपला फक्त पहिल्या ६ मीटरचा भार सोसावा लागतो. म्हणजे टोन खाते केबल, आणि बफर तो वाचवतो. आदर्श म्हणून ज्या क्लॉन सेंटॉरचं नाव सगळे घेतात, तेसुद्धा बफरवालंच पेडल आहे.

बफरचे दोषही आहेत. हलक्या दर्जाचे बफर एकामागे एक लागले की थोडी सळसळ आणि थोडा रंग आवाजात साचत जातो, आणि जुन्या पद्धतीच्या फझला समोर बफर अजिबात चालत नाही. तुमच्या बोर्डाचं काय चाललंय ते कळायला एकच केबल लावून गिटार थेट अ‍ॅम्पमध्ये वाजवा, मग सगळी पेडलं बंद ठेवून बोर्डातून वाजवा. फरक कानाला लागला तरच पैसे काढा.

बॉस शिकाऊंसाठी, हा दावा तर रेकॉर्डांवरच खोटा ठरतो. डीएस-१ हे नारिंगी पेडल १९७८ मध्ये आलं आणि कर्ट कोबेन, जो सॅट्रियानी, स्टीव्ह वाय यांनी ते वापरलं. धातूची पेटी वर्षानुवर्षं बूट खाऊनही टिकते. त्याची खोड टोनच्या नॉबमध्ये आहे. तो मधल्या पट्टीचा आवाज खोल कापतो, आणि नॉब अर्ध्याच्या वर गेला की कानात टोचायला लागतं. आपल्याकडे गिटार बऱ्याचदा कीबोर्डच्या अ‍ॅम्पमधून नाहीतर सरळ मिक्सरमधून जाते, तिथे हा टोचरेपणा आणखी वाढतो. टोन खाली आणा, डिस्टॉर्शन निम्म्याच्या आत ठेवा, लेव्हल वाढवा. तेच पेडल वेगळं वाटेल. बॉसच्याच मेटल झोनचंही तेच. १९९१ पासून शिव्या खाणाऱ्या या पेडलाच्या मिड (मधल्या पट्टीच्या) नॉबची फ्रिक्वेन्सी २०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत फिरते. एवढं हत्यार हातात असताना बहुतेक जण मिड शून्यावर आणून ठेवतात आणि मग बँडमध्ये गिटार ऐकूच येत नाही म्हणतात.

मिड गायब होण्याचा रोग सगळ्यांत जास्त दिसतो तो बिग मफ या फझला. घरी एकट्याने वाजवताना त्याच्यासारखा भरीव, लांब टिकणारा आवाज नाही. मलाही तो फार आवडतो. पण गड्डा यात्रेच्या दिवसांतला एखादा कार्यक्रम घ्या : ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, बास, वर गायकाचा आवाज. मफने मधली पट्टी सोडलेली असते, ती कीबोर्ड व्यापून टाकतो आणि सोलो बुडतो. पेडल खराब नसतं; त्याला समोर जागा मिळत नाही.

नेमकी हीच जागा ट्यूब स्क्रीमर भरतो, आणि इथे चिपचा दावा येतो. ४५५८ ही साधी, स्वस्त, सिग्नल वाढवणाऱ्या दोन सर्किटांची ऑप-अ‍ॅम्प चिप आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती काही रुपयांना मिळते, आणि आपल्याकडे जुळवलेल्या असंख्य अ‍ॅम्पच्या बास-ट्रेबलच्या बोर्डावर तीच बसलेली असते. जादू तिच्यात असती तर लग्नातला प्रत्येक स्पीकर ट्यूब स्क्रीमरसारखा वाजला असता. पेडलाचा स्वभाव ठरतो तो दोन गोष्टींनी. एक, डायोड ऑप-अ‍ॅम्पच्या फीडबॅकमध्ये बसवलेत, त्यामुळे सिग्नलचं टोक छाटलं जात नाही, हळू दबतं. डीएस-१ मध्ये डायोड ग्राउंडकडे आहेत, म्हणून ते कडक छाटतं. दोन, साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी गेनने (कमी वाढवून) जातो. म्हणून खर्ज गढूळ होत नाही आणि मधला आवाज पुढे येतो. टीएस-८०८ आणि टीएस-९ यांतला मुख्य फरक आउटपुटच्या दोन रेझिस्टरांचा आहे, त्यासाठी जुन्या ८०८ चे भाव मोजणं मला पटत नाही. दोष सांगायचा तर खर्ज पातळ होतो. छोट्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो. तिथे बॉसचं ब्लूज ड्रायव्हर जास्त मोकळं वाटतं.

आता जर्मेनियम. सोलापूरकराने हा मुद्दा सगळ्यांत नीट समजून घ्यावा. फझ फेस हा फझ १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने आणला, जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर घालून. त्याचा गुण खरा आहे : गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली केला की फझ निवळून गोड, चमकदार स्वच्छ आवाज येतो. पण जर्मेनियममधून गळणारा प्रवाह तापमानाबरोबर वाढतो. लंडनच्या गारठ्यात जुळवलेला बायस (ट्रान्झिस्टरची कामाची पातळी) आपल्या मे महिन्यात जागेवर राहत नाही. इथे पारा ४० च्या वर जातो, आणि मांडवात हॅलोजनची धग वेगळी. आवाज बारीक होतो, सूर तुटक फुटतो, शेवट अचानक कापला जातो. वाजवणारा बॅटरी बदलतो, केबल बदलतो, आणि कारण हवेत असतं. पुढे फझ फेसमध्येही सिलिकॉन आलं आणि हेंड्रिक्सने दोन्ही वापरले. सिलिकॉन जरा टोकदार लागतं, पण उन्हाळ्यात हलत नाही. इथे लग्नसराईत वाजवणाऱ्याने तेच घ्यावं.

एक धोका त्यातच सांगतो. जर्मेनियमचे बरेच फझ पॉझिटिव्ह ग्राउंडचे, म्हणजे सप्लायची अधिक बाजू ग्राउंडला जोडलेले असतात. बाकीच्या पेडलांबरोबर एकाच अडाप्टरच्या माळेत ते लावले तर सप्लाय शॉर्ट होतो. असा फझ बॅटरीवर किंवा वेगळ्या अडाप्टरवरच चालवा.

राहिला डिजिटलचा दावा. अ‍ॅनलॉग डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) सिग्नल एका चिपमधल्या हजारो टप्प्यांतून बादल्यांच्या रांगेसारखा पुढे सरकवतो. त्यातला गोंगाट दडवायला वरचा आवाज गाळावा लागतो, म्हणून प्रतिध्वनी मऊ आणि काळपट येतो. तो मलाही प्रिय आहे, गायकाच्या मागे तो छान बसतो. पण ठेक्यात बांधलेल्या तुकड्याला प्रत्येक ठोका स्पष्ट हवा असतो, तिथे डिजिटलच हवं. शिवाय बॉस डीडी-३ या डिजिटल डिलेमध्ये तुमचा मूळ आवाज अ‍ॅनलॉग वाटेनेच जातो, फक्त प्रतिध्वनी आकड्यांतून जातो. मग जीव नेमका कुठे गेला?

ऑर्केस्ट्रातल्या माणसाला एका रात्रीत पंचवीस-तीस गाणी आणि प्रत्येकाचा वेगळा आवाज लागतो. त्याच्यासाठी एक मल्टी-इफेक्ट (अनेक पेडलांचं काम करणारी एकच पेटी) पाच-सहा पेडलांपेक्षा जास्त कामाचा आहे. त्याची खरी अडचण वेगळीच आहे : घरी हेडफोनवर जुळवलेले पॅच (साठवून ठेवलेले आवाज) स्टेजवर फसतात. एक ओरडतो, दुसरा ऐकूच येत नाही. साउंड चेकला बास आणि ढोलकी चालू ठेवायला सांगा आणि आधी सगळ्या पॅचच्या लेव्हल त्या आवाजात सारख्या करा. रिव्हर्ब (घुमारा) घरच्यापेक्षा निम्म्यावर आणा, कारण हॉल स्वतःचा रिव्हर्ब घालतोच.