पत्रा उंच आहे म्हणून माणसं वाढवता येत नाहीत

आठ दिवसांपासून जळगाव एमआयडीसीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून राहिला. त्यात लिहिलंय की कामगारामागे किती जागा पाहिजे असं कायद्यात काही नाही, असलंच तर 9.9 घनमीटर, शेड उंच असलं की विषय संपला, ठेक्याची माणसं मोजायची नसतात आणि नवा कोड, म्हणजे केंद्राचा नवा कामगार कायदा, आल्यावर तर सगळं मालकाच्या मर्जीवर. मला तो दोन मुकादमांनी पाठवला, दोघंही चांगली माणसं, दोघांनाही ते खरं वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

"कायद्यात काही नाही." आहे ना भो. आधी 1948 चा कारखाने कायदा होता, नोव्हेंबर 2025 पर्यंत चालला (नव्या कोडचं खाली लिहितो), त्याचं कलम 16, विषयच गर्दीचा. पहिलंच वाक्य असं होतं की कामगारांच्या तब्येतीला अपाय होईल इतकी गर्दी कोणत्याच खोलीत करायची नाही, आणि आकडा त्याच्यानंतर यायचा. म्हणजे आकड्यात बसलं तरी माणसं आजारी पडत असतील तर ती गर्दीच. हे पहिलं वाक्य लोक सोडून देतात आणि थेट आकड्यावर जातात.

"9.9 घनमीटर पुरे." हा आकडा त्या कायद्यात होता, पण तो कायदा लागू व्हायच्या आधीच्या कारखान्यांसाठी, आणि कायदा लागू झाला 1 एप्रिल 1949 ला. त्यानंतर बांधलेल्या कारखान्याला माणशी 14.2 घनमीटर लागायचे. आधी हे फुटांत होतं, 350 आणि 500 घनफूट, त्याचंच पुढे मीटरमध्ये केलं. आता आपल्याकडच्या चटईच्या, पाइपच्या कारखान्यांची शेडं कधीची हे तुम्हीच बघा, 1949 च्या आधीचं कोणतं आहे?

"शेड उंच असलं की भागतं." इथे मी जरा जास्त लिहिणार कारण हे मी स्वतः भोगलंय. चार वर्षं मी एका चटईच्या कारखान्यात पॅकिंगला होतो, नाव घेत नाही. खोली साधारण 12 बाय 6 मीटर, पत्रा 6 मीटरवर आणि आम्ही 30 जण. मॅनेजर हिशोब करून दाखवायचा, 12 गुणिले 6 गुणिले 6 म्हणजे 432, भागिले 14.2, झाले 30, बघा बरोबर नियमात. आम्ही मान हलवायचो. पण त्याच कलमात लिहिलं होतं की जमिनीपासून 4.2 मीटरच्या वरची जागा मोजायचीच नाही! तसा हिशोब केला की 302.4 घनमीटर होतात आणि माणसं बसतात 21. म्हणजे नऊ जण जास्तीचे, आणि हे मला काम सोडल्यावर कळलं, याचं अजून वाईट वाटतं. वरची जागा का सोडतात तेही साधं आहे, गरम हवा वर जाऊन पत्र्याखाली साचते, तिचा खाली वाकून गठ्ठे बांधणाऱ्याला काय उपयोग? सोपं माप पाहिजे असेल तर पत्रा 4.2 मीटर किंवा त्याहून उंच असला की माणशी साधारण 6 बाय 6 फूट जमीन, आणि छत 3 मीटरचं असेल तर 7 बाय 7 पेक्षा थोडी जास्तच. शिवाय मोजायची ती कामाची खोली, प्रत्येक वेगळी. गोडाऊन, अंगण, ट्रक लागायची जागा त्यात धरता येत नाही.

"ठेक्याची माणसं मोजायची नाहीत." चूक. त्या कायद्यातली कामगाराची व्याख्याच सांगायची की थेट ठेवलेला असो की ठेकेदारामार्फत, तो कामगारच. आणि हजेरी कोणाच्याही वहीत असो, श्वास तर सगळे त्याच खोलीतला घेतात ना.

"नवा कोड आला, आता मर्जी." 21 नोव्हेंबर 2025 पासून कोड लागू झाले आणि जुना कारखाने कायदा त्यात गेला, इतकं खरं. पण 2020 च्या सुरक्षा आणि आरोग्याच्या कोडचं कलम 23 बघा, गर्दी होऊ नये आणि माणसांना पुरेशी जागा मिळावी हे तिथेही आहे आणि ती जबाबदारी मालकावरच टाकलीय. तपशील सरकारने नियमांतून ठरवायचा, मालकाने नाही. मर्जी कुठून आली?

मेसेजच्या शेवटी आहे की खान्देशी माणूस उन्हाला सरावलेला असतो. याचा मला सगळ्यात राग आला. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा अंग थंड राहतं ते घाम वाळतो म्हणून, आणि कोंदट खोलीत तीस जणांच्या घामाने अन् श्वासाने हवा ओली झाली की घाम वाळतच नाही, मग तुम्ही खान्देशचे असा की काश्मीरचे. आमच्यातली एक मावशी दुपारी दोनला गठ्ठ्यावरच कलंडली होती, तिला बाहेर निंबाखाली नेऊन पाणी मारलं तेव्हा डोळे उघडले. तिचा अर्धा दिवस कापला.

ज्यांना आपल्या खोलीचा हिशोब करायचाय त्यांनी टेप घेऊन लांबी-रुंदी मोजा, जुन्या कायद्याच्या मापाने उंची 4.2 च्या पुढे धरू नका, 14.2 ने भागा आणि आत किती जण आहेत ते मोजा. जास्त निघाले तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी द्या, त्यात ही मापं टाका.