‘फिनलंडचे कोल्हे कच्चंच खातात’: कारवान पाळणाऱ्यांसाठी उत्तर

निपाणी, चिकोडी, गोकाकपासून मुधोळपर्यंत कारवान या शिकारी जातीची कुत्री पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: फिनलंडमध्ये फरसाठी पाळलेले कोल्हे चिकन-मासळीच्या टाकाऊ मालावर वाढतात, कुत्राही त्याच कुळातला, म्हणून चिकनच्या दुकानातली मुंडी, पाय, आतडी कच्चीच घाला, भाकरी नको, वरून काही नको.

कोल्ह्यांना टाकाऊ माल देतात हे खरं. पण तो दुकानातून थेट पिंजऱ्यात जात नाही. खाद्यकेंद्रात तो दळतात, त्यात शिजवलेलं धान्य, जीवनसत्त्वं, खनिजं मोजून मिसळतात, थंड ठेवतात, आम्ल घालतात. एवढी व्यवस्था असूनही २००२ मध्ये तिथल्या खाद्यात बोटुलिझमचं, म्हणजे लकवा आणणाऱ्या जिवाणूचं, विष तयार झालं आणि ४० हजारांवर कोल्हे आणि मिंक (फरसाठीच पाळलेले मुंगसासारखे प्राणी) मेले किंवा मारावे लागले. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत क्रेटमध्ये पडून असलेला माल त्या व्यवस्थेच्या जवळपासही येत नाही. सकाळच्या पहिल्या कापणीचाच घ्या.

‘कच्चं तेच नैसर्गिक’ या मुद्द्यालाही कोल्हेच उत्तर देतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटातल्या चास्टेक यांच्या फार्मवर कच्चा कार्प मासा खाणाऱ्या कोल्ह्यांची भूक गेली, पाय लटपटले, लकवा आला. कच्च्या माशातल्या थायामिनेज या विकरानं (एन्झाइमनं) खाद्यातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट केलं होतं. त्या आजाराला आजही चास्टेकचंच नाव आहे. आपल्या बाजारातले कटला, रोहू कार्पच्याच कुळातले; शिजवले की थायामिनेज निकामी होतं.

मटणाच्या दुकानातल्या कच्च्या फोफसा-कलेजीचा धोका याहून मोठा, कारण तो घरातल्या माणसांपर्यंत पोचतो. शेळ्या-मेंढ्यांच्या या अवयवांत कधी पाण्यानं भरलेली पांढरट गाठ दिसते. ती हायडॅटिडची, म्हणजे एका फीतकृमीच्या अळीची. कुत्र्यानं ती कच्ची खाल्ली की सुमारे दीड महिन्यात त्याच्या आतड्यात फीतकृमी तयार होतो, विष्ठेतून अंडी पडतात, हाताला लागून पोटात जातात आणि माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी धरतात. गाठ दिसली तर तो अवयव खोल पुरा किंवा जाळा, उकिरड्यावर टाकू नका. मेंढरांमागे फिरणाऱ्या कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्यानं दर दीड महिन्याला प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्या. मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम.

‘प्रथिनं भरपूर’ हेही फसवं आहे. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि ६.२५ नं गुणते, त्यामुळे पायांची प्रथिनं कागदावर छान दिसतात. पण पायात बहुतेक कोलॅजन (कातडी-कंडरांचं प्रथिन), आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल जवळजवळ नसतं. नुसत्या पायांवर पिल्लू नीट वाढत नाही. बिनहाडाच्या मांसात आणि कलेजीत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नाममात्र. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं: पुढचे पाय वाकतात, पंजे पसरतात, पिल्लू उडी मारायला कचरतं. लांब पायांच्या कारवानाचं यात फार नुकसान होतं.

धावणाऱ्या २५ किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाचा अंदाज असा: कोंबडीचा पेटा (जठर), हृदय आणि कलेजी मिळून ३५० ग्रॅम, त्यात कलेजी ५० पेक्षा जास्त नको; मुंडी ५० ते १०० ग्रॅम; कोरड्या ज्वारीच्या कण्या २०० ग्रॅम; दोन चमचे तेल; अंड्याच्या टरफलांची बारीक पूड सपाट चमचाभर. मुंडी कुकरमध्ये पाऊण तास, हाड बोटांनी चुरडेपर्यंत शिजवा. नुसतं उकडलेलं हाड टोकदार तुटतं आणि आतड्याला भोक पाडतं. आतडी चिरून धुवा, उकळी फुटल्यावर अर्धा तास ठेवा, आणि थोडीच घाला. कण्या मऊ शिजवा, अर्धवट राहिल्या तर विष्ठा पातळ होते. वाढत्या पिल्लाला दर १००० कॅलरीमागे सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे ८ ग्रॅम टरफलपूड. शिवाय जस्त, तांबं, आयोडीन असलेलं कुत्र्यांचं खनिज मिश्रण पशुवैद्याकडून घ्या. गाईम्हशींचं मिश्रण पिल्लाला घालू नका, त्यातली प्रमाणं वेगळी असतात.