आपल्याच माणसाला चारचौघांत टोचून बोलणं

दिवाळी जवळ आली की फेसबुकवर एक ठरलेली पोस्ट दिसायला लागते. ताटात चकल्या आणि वर नवऱ्याची ओळ, "आमच्या सौं.नी चकल्या केल्यात. दातांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊन ठेवलीय. ह. घ्या." म्हणजे हलकं घ्या. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात तिचाही एक हसरा चेहरा असतो. न टाकून करणार काय? लगेच "वहिनींना विनोद कळत नाही" असं ऐकावं लागेल.

मला ही पोस्ट मनापासून खटकते. भाजणीला काय लागतं ते ज्यांच्या घरी ती होते त्यांना माहीत आहे. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, मूगडाळ, उडीदडाळ धुऊन वाळवायची, एकेक जिन्नस वेगळा मंद आचेवर भाजायचा, धणे-जिरे घालून दळून आणायचं. मोहन कमी पडलं तर चकली कडक होते, जास्त झालं तर तेलात तुटते. दिवसभराचं काम उरकून रात्री सोऱ्या हातात घेतलेल्या बाईला पहिला घाणा बिघडला की तिथेच कळतं. ते जगाला कळवायची गरज नसते.

"जरा कडक झाल्यात गं" असं तिला घरात म्हणावं की. त्यावर ती बोलू शकते, चिडू शकते, "उद्या तुम्ही तळा" म्हणू शकते. टोमण्याला मात्र उत्तरच देता येत नाही. लागलं म्हणावं, तर "मी कुठे काय म्हणालो?" म्हणून बोलणारा मोकळा होतो.

हे फक्त फेसबुकवरचं नाही. लेकी बोले सुने लागे ही रीत आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कॉलेजातला मुलगा एखाद्या दिवशी लवकर घरी येतो आणि दारातच ऐकतो, "आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" भाऊ खूप दिवसांनी बहिणीला फोन करतो, तर पहिलं वाक्य, "बरी आठवण झाली आमची." बोलणाऱ्याच्या मनात खरं तर ओढ असते. तू यावंस, तुझा फोन यावा, म्हणून तर वाट पाहिलेली असते. पण ऐकणाऱ्याला मार कशाचा बसतो बघा. घरी लवकर आल्याचा, फोन केल्याचा! पुढच्या वेळी नंबर लावताना त्याला ते वाक्य आठवतं आणि फोन उद्यावर जातो. "आलास, बरं वाटलं" एवढं म्हणायला आपल्याला इतका संकोच का वाटावा? तिरकं बोलणं आपल्या जिभेवर सहज येतं आणि माया मात्र पोटातच राहते. हे मला फार वाईट वाटतं.

शके 1212 मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचं विवेचन आहे. त्यात हाताची आणि पावलांची अहिंसा आहे, तशी वाचेचीही आहे. अहिंसक माणसाची वाचा ज्या गोष्टी सोडून देते, त्यांत 'उपहासु' आहे आणि 'वर्मस्पर्शु'ही, म्हणजे दुखऱ्या जागी बोट ठेवणंही, आहे. आता आपलं वर्म ठाऊक कोणाला असतं? परक्याला नाहीच. नोकरी कशी सुटली, कोणत्या विषयात नापास झालो, आई कशावरून रडते, हे घरच्यांनाच माहीत असतं. आपण विश्वासाने सांगितलेलं असतं म्हणून माहीत असतं.

लिहिताना तर धोका जास्तच. ना आवाज, ना चेहरा. 2005 साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी ईमेलवर हे तपासलं होतं. आपला उपरोध समोरच्याला कळेल अशी लिहिणाऱ्यांची खात्री होती, वाचणाऱ्यांना तो त्या मानाने बराच कमी कळला. 'ह. घ्या.' लिहून ही दरी बुजत नाही. पोस्ट राहतेही. दरवर्षी 'मेमरीज' म्हणून तीच पुन्हा समोर येते.

उतारवयात फोन शिकलेल्या वडिलांच्या चुकीच्या टायपिंगचे स्क्रीनशॉट टाकणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे, तेवढं करू नका. वडील आता फेसबुकवर आहेत, ते वाचतात. एकदा वाचल्यावर ते तुम्हाला मेसेज पाठवण्याआधी विचार करतील, आणि मग पाठवणारच नाहीत.

घरात थट्टा नकोच, असं कोण म्हणेल? दीर-भावजयीची, आजोबा-नातवाची थट्टा नसेल तर घर कसलं! पण ती दोन्हीकडून चालते. नातू आजोबांच्या घोरण्याची नक्कल करतो, आजोबा त्याच्या केसांवर बोलतात, आणि दोघांनाही उलट बोलायची मुभा असते. स्वतःच्या फसलेल्या चकल्यांचा किस्सा तिने स्वतः रंगवून सांगितला, तर मीही पोट धरून हसेन. तो किस्सा सांगायचा की नाही, हे मात्र तिचं तिने ठरवायचं. त्यामुळे यंदा अशी पोस्ट दिसली तर मी तिथे हसरा चेहरा टाकणार नाही. ज्याच्याशी माझी तेवढी ओळख आहे, त्याला वेगळा मेसेज करून ती काढायला सांगेन.